माशीवरची सावली

जुन्या वळणाच्या शिकारी रायफलीच्या नळीच्या टोकाशी नजर टाकली, तर माशीवर, म्हणजे नेम धरण्यासाठी तिथे उभ्या केलेल्या बारीक खुंटीवर, पातळ पोलादी पत्र्याचं एक आडवं नळकांडं बसवलेलं दिसतं. लांबी साधारण दोन-अडीच सेंटिमीटर, आतली रुंदी दहा-अकरा मिलिमीटर, वजन नगण्य. हे हूड. खालून ते उघडं असतं. माशी ज्या उतरत्या चौथऱ्यावर उभी असते त्याला रॅम्प म्हणतात, आणि हूडच्या दोन्ही कडा या रॅम्पच्या दोन अंगांना कापलेल्या खाचांत सरकतात. बहुतेक रायफलींवर ना स्क्रू असतो ना पिन. पत्र्याच्या स्वतःच्या ताणावर ते तिथे टिकून राहतं. म्हणूनच रायफलीचा सगळ्यांत आधी हरवणारा भाग हाच. आणि जाणकार माणसंही ज्याच्याविषयी "असलं काय, नसलं काय" म्हणून मोकळी होतात, तो भागही हाच. मला हे अजिबात पटत नाही. डोळ्याला माशी दिसते ती तिच्यावर पडलेल्या उजेडाएवढीच, आणि हूड नेमका त्या उजेडातच हात घालतं. त्यामुळे ते ठेवायचं की काढायचं हा प्रश्न थेट नेमाच्या मुळाशी जातो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारं बंद केली, आणि ते योग्यच झालं. या विषयाचं घर दुसरीकडे आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या दाट जंगलांत लिव्हर-अ‍ॅक्शन (घोड्याखालची दांडी हलवून पुढची गोळी भरायची) रायफल घेऊन परवान्यावर हरणाची शिकार होते, तिथे. किंवा दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया अशा देशांत, जिथे जखमी केप बफेलोच्या मागावर झाडीत शिरणारे व्यावसायिक शिकारी अजूनही उघड्या साइटवर, म्हणजे दुर्बिणीशिवायच्या माशी-खाचेवर, भरवसा ठेवतात. विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६, विंचेस्टर मॉडेल ७०, रेमिंग्टन ७०० बीडीएल या रायफली कारखान्यातून हूडसकट बाहेर पडत. मराठी वाचकाने हूड पाहिलं नसलं तरी याच कामाची दुसरी युक्ती नक्की पाहिलेली असते. पोलिसांच्या जुन्या ३०३ रायफलीच्या टोकाशी माशीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कान उभे असतात, ते याचसाठी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कारबीनर ९८केला सरकतं पत्र्याचं हूड होतं, तर रशियन मोसिन-नागान ९१/३०ला माशीभोवती कायमचं गोल कडं. रूपं निराळी, पण गरज एकच: नळीच्या पार टोकाला उभ्या असलेल्या त्या इवल्याशा धातूला धक्का लागू नये.

धक्का लागला तर काय होतं, याचं गणित फार सोपं आहे. मागची खाच (डोळ्याजवळच्या साइटची, जिच्या मधोमध माशी धरून नेम धरतात) आणि पुढची माशी यांतलं अंतर ४५० मिलिमीटर धरा. वीस इंची नळीच्या कार्बाइनवर, म्हणजे आखूड रायफलीवर, ते जवळपास एवढंच असतं. माशी ०.१ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १०० मीटरवर गोळी २२ मिलिमीटर उलट दिशेला जाते. ०.५ मिलिमीटर सरकली, तर ११ सेंटिमीटर. व्हाइटटेल हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद असते. तिच्या मधोमध धरलेला नेम ११ सेंटिमीटर ढळला की गोळी त्या जागेच्या काठावर पोचते, आणि त्यात नेम धरणाऱ्याची स्वतःची थरथर मिळवली की काठाच्या बाहेर. मग जनावर पडत नाही. जखमी होऊन ते झाडीत जातं आणि तासन्‌तास तडफडतं. हूडविषयी एवढं बोलायचं ते यासाठी. अर्ध्या मिलिमीटरचा हा हिशेब शेवटी एका जिवाच्या वेदनेत मांडला जातो.

आणि अर्धा मिलिमीटर सरकायला फारसं काही लागत नाही. खांद्यावर पट्ट्याने अडकवलेली रायफल तोंड वर करून नेली, तर माशी माणसाच्या डोक्याच्याही वर असते. चौकट, फांदी, गाडीचा टप हे सगळं आधी तिलाच भेटतं. बहुतेक अमेरिकन माशा ३/८ इंची डव्हटेल (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद) खाचेत ठोकून बसवलेल्या असतात. पाती वाकली तर निदान दिसते. पण डव्हटेलमधली माशी केसभर सरकली तर डोळ्याला काहीच कळत नाही, ते कळतं कागदावरच्या भोकांतून. म्हणून हूड असो वा नसो, झिरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं) पक्का झाला की माशीचा पाया आणि रॅम्प यांच्या सांध्यावर टोकदार सुईने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे शंका आली तर रेघ जुळते का ते पाहायचं. जोराचा मार बसल्यावर हूड पिचकलं असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नये, ते त्याच्या कामी आलं. फक्त आत वाकलेला पत्रा माशीच्या टोकावरच्या मण्याला टेकलेला नाही ना, एवढं तपासावं. टेकला असेल तर मणीही हलला आहे असं गृहीत धरून पुन्हा कागदावर जावं.

इथपर्यंत सगळे सहमत असतात. खरी गंमत उजेडापासून सुरू होते.

शिकारी माशीच्या टोकाशी बहुधा पितळेचा, सोनेरी किंवा पांढरा गोल मणी असतो. रुंदी १/१६ इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर, किंवा ३/३२ इंच, म्हणजे २.४ मिलिमीटर. गोल आणि चकचकीत पृष्ठभागाची एक खोड आहे: उजेड ज्या बाजूने येतो तीच बाजू झळकते, उरलेली काळोखात जाते. ऊन डावीकडून आलं की मण्याचा डावा अर्धाच डोळ्यात भरतो आणि आपण नकळत तेवढाच भाग खाचेच्या मध्यावर आणतो. १.६ मिलिमीटर मण्याचा फक्त डावा अर्धा दिसत असेल, तर दिसणाऱ्या भागाचा मध्य खऱ्या मध्यापासून ०.४ मिलिमीटर डावीकडे असतो. तो खाचेत बसवला म्हणजे खरी माशी ०.४ मिलिमीटर उजवीकडे गेली, नळीचं तोंडही तिच्याबरोबर गेलं, आणि १०० मीटरवर गोळी जवळजवळ ९ सेंटिमीटर उजवीकडे लागली. गोळी उजेडापासून दूर पळते, हे सूत्र पक्कं लक्षात ठेवावं. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या माणसाला सकाळी ऊन उजवीकडून मिळतं, म्हणजे गोळ्या डावीकडे. संध्याकाळी त्याच जागी, त्याच रायफलीने, त्याच खोक्यातल्या गोळ्या उजवीकडे. मग माणूस साइटवर संशय घेतो, हातोडी काढतो, आणि बरी असलेली माशी ठोकून बिघडवतो.

हूड हा सगळा खेळ थांबवतं. वरून आणि बाजूने येणारं ऊन अडलं की मण्यावर झळक उरत नाही, तो सगळीकडून सारखा, थोडा मंद पण पूर्ण दिसतो. भर दुपारी उघड्या माळावर, बर्फावरच्या चमकत्या उजेडात, आफ्रिकेतल्या पांढऱ्या गवतात हूडसारखा उपाय नाही. माशी वाचते म्हणून हूड ठेवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते उन्हातला खरा नेम हा हूडचा तितकाच मोठा गुण आहे आणि त्याची चर्चा विनाकारण कमी होते.

मण्याचा आकार बदलून यावर अर्धा तोडगा निघतो. मण्याचं डोळ्याकडचं तोंड गोलाईऐवजी सपाट असेल तर झळक एका कडेला गोळा होत नाही. रेडफील्डच्या ‘सावरडो’ माशीचं तोंड चौकोनी, सपाट आणि ४५ अंशांत मागे कललेलं असे, जेणेकरून आकाशाचा उजेड थेट डोळ्याकडे यावा. पण अशा माशीवर बंद हूड घातलं की तिचा सगळा उद्देशच झाकला जातो. फायबर-ऑप्टिक माशीचंही तेच. त्या रंगीत काडीला उजेड मिळतो तो तिच्या अंगभर, बाजूंनी. बंद नळकांड्यात ती विझल्यासारखी दिसते. अशा माशीवर वरून खिडकी कापलेलं हूड हवं, नाहीतर हूड फक्त ने-आण करताना घालावं.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच वजनदार आहे. हरणं हलतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. म्हणजे जनावर समोर येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, तेव्हाच उजेड सर्वांत कमी असतो, आणि नेमका त्या वेळी हूड मण्यावरचा वरचा उजेड कापतं. सोनेरी मणी तपकिरी होतो, पांढरा राखाडी होतो, आणि करड्या अंगाच्या जनावरावर दोन्ही विरघळून जातात. पांढरा मणी अंधारात सर्वांत शेवटपर्यंत तग धरतो, पण बर्फाच्या पार्श्वभूमीवर तो दिवसाही हरवतो. तिथे सोनेरी बरा. जुन्या ब्रिटिश एक्सप्रेस रायफलींवर नेहमीच्या बारीक मण्याजवळ एक मोठा पांढरा मणी घडी घालून ठेवलेला असे आणि अंधारू लागलं की तो उभा करत. बनवणाऱ्यांना ही अडचण शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होती.

मार्लिनने ३३६वर यातून मधला रस्ता काढला. त्यांच्या ‘वाइड-स्कॅन’ हूडची पाठ मोठ्या प्रमाणात कापलेली असते, त्यामुळे आकाशाचा उजेड मण्यापर्यंत पोचतो आणि दृष्टीही फारशी अडत नाही. बाजूचा मार मात्र ते झेलतं. दाट जंगलातल्या रायफलीसाठी मला हीच रचना सर्वांत समंजस वाटते. भर दुपारच्या तिरप्या उन्हात ती पूर्ण बंद हूडइतकी काम करत नाही हे खरं, पण झाडाखाली असं ऊन कितीसं मिळतं!

हूड दृष्टी अडवतं, हा आक्षेप मोजून पाहावा. नेम धरताना डोळा ते माशी हे अंतर साधारण ८०० मिलिमीटर असतं. आतली रुंदी १०.५ मिलिमीटर धरली, तर ५० मीटरवर त्या गोलातून सुमारे ६५ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा दिसतो. हरणाचं अंग त्याहून लांब. पत्र्याची एक मिलिमीटरची कड तिथे सहा सेंटिमीटरचा पट्टा झाकते. उभ्या जनावरावर याने काही बिघडत नाही. पण चालत्या जनावराच्या पुढे काय आहे, मागे दुसरं जनावर किंवा माणूस आहे का, हे कड्याबाहेर पाहावं लागतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरणाऱ्याला हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. दुसरा डोळा झाकलेला भाग भरून काढतो. एक डोळा मिटणाऱ्याला जाणवतो, आणि ५० मीटरच्या आतल्या, पटकन माराव्या लागणाऱ्या गोळीला तो नडतो.

याहून घातक चूक वेगळीच आहे. माशीवर दृष्टी स्थिर केली की हूडही तितकंच स्पष्ट दिसतं, कारण दोन्ही एकाच अंतरावर असतात. मागची खाच मात्र धूसर असते. मणी काळोखात बुडालेला, जनावर अचानक पुढ्यात, छातीत धडधड. अशा वेळी डोळा सर्वांत ठळक रेषा पकडतो, आणि ती असते हूडची वरची कड. ती कड मण्यापेक्षा चारेक मिलिमीटर उंच असली आणि तीच खाचेत बसवली गेली, तर नळीचं तोंड तेवढं खाली जातं आणि ५० मीटरवर गोळी ४४ सेंटिमीटर खाली लागते. पाय मोडलेलं जनावर, किंवा माती. कानांच्या माशीवर हीच चूक आडवी होते: डावा कान माशी समजून खाचेत धरला तर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त उजवीकडे. अमेरिकन एम१ गॅरंड या लष्करी रायफलीच्या माशीचे कान बाहेरच्या बाजूला वळवलेले आहेत ते याच कारणाने. वळलेली रेषा सरळ पात्याशी गल्लत होऊ देत नाही. गोल हूडमध्येही थोडी हीच सोय आहे, पण घाईत ती पुरेलच असं नाही. उपाय एकच: रिकामी रायफल घरच्या घरी, सुरक्षित दिशेला, मंद उजेडात शंभरदा खांद्याला लावणं आणि प्रत्येक वेळी मणी शोधणं, कड नव्हे.

गंमत अशी, की मागे खाचेऐवजी बारीक भोकाची पीप साइट असली, तर हेच कडं शत्रू न राहता मदतनीस बनतं. वर्तुळात वर्तुळ मधोमध बसवणं डोळ्याला उपजत जमतं. स्पर्धेतली रायफल नेमबाजी यावर उभी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारच्या रायफलीच्या पुढच्या टोकालाही असाच बोगदा असतो. नियमाने त्याची लांबी जास्तीत जास्त ५० मिलिमीटर आणि व्यास २५ मिलिमीटर. त्यात मणी नसतो, बदलता येणारं एक कडं असतं, आणि त्या कड्यात समोरचा काळा गोल तरंगता ठेवायचा. तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा आहे. बोगद्याशिवाय, तिरपं ऊन थेट माशीवर घेऊन, असा नेम धरणं अशक्यप्राय. लायमनच्या १७ए या माशीत हीच रचना शिकारी रायफलीच्या डव्हटेलमध्ये बसेल अशी दिली आहे. कागदावर ती अप्रतिम चालते. झाडीत मला ती नको वाटते. बारीक कड्यातून काळसर जनावर शोधण्यात मोलाचे दोन क्षण जातात.

आता बसवण्याकडे येऊ. सुरुवात रायफल रिकामी करण्यापासून, आणि हे औपचारिक वाक्य नाही. हूड घालता-काढताना हाताची बोटं नळीच्या तोंडाशी असतात. लिव्हरच्या रायफलीत गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत ओळीने असतात. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी जिथून उडते ती जागा) रिकामं दिसलं तरी लिव्हर एकदा चालवली की पुढची गोळी वर येते. म्हणून मॅगझिनही पूर्ण रिकामं करावं आणि मगच चेंबरमध्ये डोळ्याने पाहून, करंगळी घालून खात्री करावी. दुर्लक्ष करायची ही जागा नाही.

हूड नळीच्या तोंडाकडून मागे सरकवायचं. दोन्ही कडा एकाच वेळी खाचांत शिरल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर, असं पिळत बसवलं तर पत्रा तिरका होतो आणि रॅम्पवरचं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, खरवडलं जातं. अंगठ्याने सरळ दाब देऊन जात नसेल तर लाकडाची काडी टेकवून ढकलावं. हातोडी अजिबात नको. बसल्यावर मागून पाहावं: मणी कड्याच्या मधोमध दिसतो का, हूड एका अंगाला झुकलं आहे का. झुकलेलं हूड डोळ्याला खोटी आडवी रेषा देतं, माणूस त्या रेषेशी रायफल सरळ करू पाहतो, आणि रायफल कलते.

सैल हूड का निसटतं, हे समजून घेतलं तर निम्मी हूडं वाचतील. गोळी सुटली की रायफल झटक्याने मागे येते. हूड आपल्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतं, म्हणजे रायफलीच्या हिशेबाने ते पुढे सरकतं. आणि पुढची बाजूच उघडी आहे. प्रत्येक गोळीला केसभर पुढे येत येत ते एके दिवशी गवतात पडतं. घोड्याच्या खोगिरालगतच्या चामडी म्यानात रायफल तोंड खाली करून ठेवतात. ती दस्त्याकडून उपसताना चामड्याचं घर्षण हूडला तोंडाकडेच ओढतं, रायफल हातात येते आणि हूड म्यानाच्या तळाशी राहतं. उलट, तोंड पुढे धरून झाडीतून जाताना फांद्या त्याला मागे, पक्क्या बाजूला ढकलतात, तिथे धोका नसतो.

सैलपणावर इलाज म्हणजे हूडचे खालचे दोन्ही पाय किंचित आत घेणं. गुळगुळीत जबड्याची पक्कड, मध्ये चामड्याचा तुकडा, आणि दाब अगदी थोडा. खाचांतली रॅम्पची रुंदी व्हर्निअरने मोजावी. पायांतलं अंतर त्याहून ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी आलं की पुरे. एकदम जास्त दाबलं तर कडक स्प्रिंग-पत्रा तडकतो, आणि मऊ पत्रा असेल तर दोन वेळा घालून-काढून पुन्हा फाकतो. तरीही विश्वास वाटत नसेल तर खाचेत नेलपॉलिशचा एक थेंब: हूड धरून ठेवतो आणि हवं तेव्हा सुटतो. मेकॅनिक नटबोल्टाला लावतात तो पक्का थ्रेडलॉकर नको. मग काढताना जोर करावा लागतो आणि रॅम्पवर ओरखडे पडतात. हूड आणि रॅम्प यांच्यावर आडवी एक रंगाची रेघ मारून ठेवली, तर ते सरकलंय का ते एका नजरेत कळतं.

पाणी, बर्फ, चिखल यांचं हूडशी वैर आहे. वरच्या कमानीला आतून लोंबणारा पाण्याचा थेंब मण्यावर टेकला की मणी पसरट आणि दुप्पट दिसतो. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून रायफलीला हलकासा झटका दिला की थेंब पडतो. फुंकर मारायची सवय थंड प्रदेशात महागात पडते. श्वासातली वाफ धातूवर लगेच गोठते. ओल्या बर्फात, फांद्यांखालून रांगताना, नळकांडं चक्क बंद होतं, आणि माशीच दिसत नाही हे कळतं ते रायफल खांद्याला लावल्यावर. अशा दिवशी पूर्ण बंद हूड खिशात बरं. साठवणीत प्रश्न गंजाचा. खाच आणि पत्रा यांच्या फटीत पाणी शिरलं की ते बाहेरून पुसलं तरी निघत नाही. पावसात भिजलेल्या रायफलीचं हूड त्याच संध्याकाळी काढावं, खाचा कोरड्या कराव्यात, तेलाचं बोट फिरवावं आणि जास्तीचं तेल पुसून टाकावं. राहिलेलं तेल गवताचं बी आणि धूळ धरून ठेवतं.

हूडची आतली बाजू काळी आणि मळकट-मंद असली पाहिजे. वर्षानुवर्षं घालून-काढून ती घासली जाते, चमकू लागते, आणि मग उन्हापासून वाचवणारं हूड स्वतःच उन्हाची एक झगझगीत कोर डोळ्यात मारतं. यावर जुना आणि उत्तम उपाय काजळीचा. स्पर्धेतले नेमबाज पूर्वी कार्बाइडच्या दिव्याची काजळी साइटला धरत. आपल्या देवघरातला कापूर तेच काम तितक्याच छान करतो. हूड रायफलीवरून काढून, दारूगोळ्यापासून दूर न्यावं. स्पिरिटने आतलं तेल पुसून स्पिरिट पूर्ण उडू द्यावं, कारण तेलकट धातूवर काजळी धरत नाही. मग लांब चिमट्यात धरून जळत्या कापराच्या धुरावर काही सेकंद फिरवावं. बोट लागलं की काजळी निघते, तेव्हा कडांनाच धरून बसवावं. रॅम्पचा माथाही असाच काळा करता येतो. मण्याचं तोंड मात्र स्वच्छ ठेवायचं. काळा मणी कागदावरच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर शोभतो, जनावरावर नाही.

हरवलेल्या हूडच्या जागी दुसरं घ्यायचं तर नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे रॅम्प आले. तीन मापं घ्यावीत: खाचेतली रॅम्पची रुंदी, खाचेची लांबी, आणि खाचेच्या तळापासून मण्याच्या माथ्यापर्यंतची उंची. तिसरं माप लोक विसरतात. झिरो जुळवण्यासाठी कुणी उंच माशी बसवली असेल, तर नवं हूड आत जाताना मण्यालाच घासतं. १९६४च्या आधीच्या विंचेस्टरची अस्सल हूडं संग्राहक शोधत असतात, त्यामुळे जुनी रायफल हूडसकट मिळाली तर ते अस्सल हूड डबीत जपून ठेवावं आणि जंगलात नवं, साधं वापरावं.

राहिला मुख्य निर्णय. हूड नळीला कुठे दाबत नाही, गोळीच्या वाटेत येत नाही. ते काढल्याने रायफल बदलत नाही, बदलतं ते डोळ्याला दिसणारं चित्र. म्हणून ज्या अवस्थेत शिकार करायची त्याच अवस्थेत झिरो करायचा. हे तपासायला २० गोळ्यांचं एक खोकं पुरतं. टेकू घेऊन, ५० मीटरवर, एकाच जातीच्या गोळ्या. सकाळी ऊन एका बाजूने असताना पाच गोळ्या हूड घालून, पाच काढून. संध्याकाळी ऊन दुसऱ्या बाजूने आलं की पुन्हा पाच-पाच. दर गटानंतर नळी थंड होऊ द्यावी. चारही गटांचे मध्यबिंदू कागदावर जोडून पाहावेत. हूडशिवायचे दोन गट सकाळ-संध्याकाळ एकमेकांपासून दूर गेले आणि हूडचे दोन जवळ राहिले, तर तुमचा मणी झळकतो आहे. दिवसा हूड ठेवा किंवा सपाट तोंडाचा मणी बसवा. चारही एकत्र असतील तर हूड फक्त ने-आणीपुरतं ठेवलं तरी चालेल. दुरुस्ती लागलीच, तर सूत्र असं: गोळीची चूक गुणिले साइटमधलं अंतर भागिले निशाणापर्यंतचं अंतर. १०० मीटरवर १० सेंटिमीटरची चूक म्हणजे साइटवर ०.४५ मिलिमीटर. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, माशी उलट दिशेला.

पहाटेच्या बैठकीला हूड काढायचं ठरलं असेल, तर ते जागेवर पोचताच, रायफल भरण्याआधी काढावं. जनावर दिसल्यावर नळीच्या तोंडाशी हात न्यायचा नाही. ती हालचाल जनावराला दिसते आणि भरलेल्या रायफलीसमोर बोटं येतात. काढलेलं हूड नेहमी एकाच, चेन असलेल्या खिशात ठेवावं. ऊन वर आल्यावर ते पुन्हा घालायचं असेल, तर आधी रायफल रिकामी करावी, मग हूड सरकवावं, रंगाची रेघ जुळते का पाहावं, आणि त्यानंतरच पुन्हा गोळ्या भराव्यात.